एकेचाळीस अंगठ्यांचं सर्टिफिकेट

रविवार, १२ मार्च १९६१. सकाळी साडेनऊ. जागा: किनाऱ्यावरचा रापणीचा मांगर (जाळी-दोर ठेवायची झापांची शेड). हजर: रापणीच्या एकेचाळीस वाटेकऱ्यांपैकी छत्तीस. त्यांत सगळ्यांत वयस्क, ज्यांना सारं गाव आबा म्हणतं ते. नवऱ्यामागे त्याचा वाटा चालवणारी एक बाई, गावाची काकी. आणि ज्याच्यासाठी बैठक होती तो. गैरहजर पाच: दोघे तापाने, दोघे शिरोड्याला लग्नाला, एक रुसून. वाटेकरी नसलेली मी एकटी. गावच्या प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका; सोबत फुलस्केप कागद, टाक आणि दौत.

ही नोंद माझ्या वहीत जशीच्या तशी आहे. मी अशा नोंदी ठेवते, कारण चार दिवसांनी प्रत्येक जण ‘मी तेव्हा तिथे नव्हतोच’ म्हणतो. या बाबतीत तर सगळेच म्हणाले.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते अर्धगोल समुद्रात सोडून येते आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून चाळीसेक माणसं ते वाळूवर ओढून काढतात. मासळीचे वाटे होतात, ते सगळ्यांना. पण जाळं कधी आणि कुठे टाकायचं, हे कुणीतरी सांगावं लागतं. आमच्याकडे ते सांगणारा एकच होता. सकाळी उजाडताच तो टोकाच्या खडकावर जाऊन उभा राहायचा. पाण्याचा रंग, वरची पाखरं, लाटेवरची बारीक थरथर बघायचा, आणि मासळी आली की डोक्यावरचं फडकं काढून हलवायचा. बांगडा आहे की तारली, हेसुद्धा तो फडक्याच्या हलवण्यातून सांगायचा. मी शाळेच्या खिडकीतून कित्येक वर्षं बघत होते. मुलांना पाढे म्हणायला लावून बघत होते, हेही लिहून ठेवते.

त्याचं वय चाळिशीच्या आत-बाहेर. सहा वर्षांपूर्वी दोराच्या वेटोळ्यात त्याचा उजवा हात सापडला आणि खांदा निखळला. गावच्या वैद्याने बसवला, पण तो नीट बसला नाही. तेव्हापासून त्याला दोर ओढता येत नव्हता. रापणीने त्याचा वाटा कमी केला नाही. तसा विषयही कुणी काढला नाही. पण तोच एकदा शाळेच्या व्हरांड्यात येऊन मला म्हणाला, “बाई, सगळे ओढतत आणि मी उभो रवतंय. वाटो घरात येता, पण गळ्याखाली उतरणा नाय. बायलेक ता सांगूक जमणा नाय. तुमका सांगतंय.”

त्या वर्षी रत्नागिरीच्या एका सरकारी कार्यालयाला मासळीची पाहणी करणाऱ्या बोटीवर माणूस हवा होता: पाण्यात मासळीचा घोळका नजरेने ओळखणारा, इथल्या किनाऱ्याचा, पगारी. त्याच्यासारखाच माणूस. जाहिरातीचा कागद मीच त्याला वाचून दाखवला होता. अर्जाबरोबर मालकाचं इंग्रजी सर्टिफिकेट मागितलं होतं: उमेदवाराचे व्यावसायिक गुण व कौशल्य, तपशीलवार.

मी मॅट्रिक सावंतवाडीला केली आहे. इंग्रजी अर्ज मी लिहिते. विहिरीचा, रस्त्याचा, टपालाच्या पेटीचा, असे गावचे सगळे अर्ज माझ्या हातचे आहेत. म्हणून हे काम अर्ध्या तासाचं आहे, असं मी धरलं होतं. वहीत तसंच लिहिलं होतं: ९.३० ते १०.

पहिला प्रश्न मालकाचा.

“सही कोण करणार?” मी विचारलं.

“मालक,” कुणीतरी म्हणालं.

“मालक कोण?”

सगळे आबांकडे बघायला लागले. आबा म्हणाले, “माज्याकडे काय बघतात? मी मालक? मेल्यांनू, माजो एक वाटो, तसोच तुमचो. रापणीक मालक नसता.”

“मग तुम्ही प्रमुख म्हणून सही करा,” मी म्हटलं.

“प्रमुख कोणी केल्यान माका? फुडच्या वर्सा हेच म्हणतले, म्हाताऱ्यान सही मारून रापण आपल्या नावार केली.”

हे खरंच म्हणाले असते. म्हणून मी तो मुद्दा बाजूला ठेवून गुणांकडे वळले. मी घरून एक कच्चा मजकूर लिहून नेला होता. तो मराठीत सांगितला: हा इसम प्रामाणिक, कष्टाळू आणि आज्ञाधारक आहे.

“आज्ञाधारक?” आबा जवळजवळ उठलेच. “कोणाची आज्ञा? खडकावरचो माणूस आमची आज्ञा ऐकूक लागलो तर आमी उपाशी मरतलंव! तो कोणाचा ऐकणा नाय, म्हणानच तेका थंय उभो केलो.”

“कष्टाळू खंय?” काकी म्हणाली. “सकाळभर उभो रवता. चिकाटीचो म्हणा. कष्ट आमी करतंव.”

“काकी, हळू गो,” तो कोपऱ्यातून म्हणाला.

“गप रव तू. तुज्याच कामाचा चल्ला हा. बाई, खरा ता लिवा. तो दोर ओढणा नाय, ता पयला लिवा.”

“असं सर्टिफिकेटात लिहीत नाहीत,” मी म्हटलं.

“कित्याक? बोटीर गेल्यार दोर धरूक सांगतले तेका. मग? आधी सांगितलेला बरा. फसवलो असा कोणी म्हणूक नये आमका.”

हे बरोबर होतं. मला खोटं लिहायला आवडत नाही. काकी बोलली तेव्हा मला वाटलं, चला, एक तरी माणूस नीट विचार करतं आहे. मी लिहिलं. मग बाकीचे सुटले. प्रत्येकाला काही ना काही आठवायला लागलं. गेल्या श्रावणानंतरच्या पहिल्या जाळ्याला होडी सोडायला उशीर झाला, तेव्हा त्याने खडकावरून आबांना अशा शिव्या घातल्या की बाजारातल्या बायका टोपल्या टाकून ऐकत उभ्या राहिल्या. आणि त्या दिवशी वाळूवर तारलीचा ढीग लागला.

“काय रे, काय म्हणालस माका?” आबांनी त्याला विचारलं.

“आबा, आता बाईंसमोर नको.”

“सांग सांग. मी अजून विसरलंय नाय.” आबा हसत होते. “बाई, ता पण लिवा. गाळी घालता म्हणान. जो घालणा नाय, तेका मासो दिसलोच नाय असा समजा.”

मग दुसऱ्याने सांगितलं, निघालेली होडी त्याने कितीदा रिकामी परत बोलावली. पाण्याची ओढ उलटली हे होडीतल्यांना कळलं नव्हतं, त्याला खडकावरून कळलं होतं. जाळं गेलं असतं तर खडकात फाटलं असतं. हाही मोठा गुण. हाही लिहिला.

मी सवयीप्रमाणे मुद्द्यांना आकडे घातले. एका ओळीत एक गोष्ट, डाव्या बाजूला समास. इंग्रजी साधं, चुका नाहीत. त्या पानाचा मराठी अर्थ असा होता:

१. हा इसम गेली सहा वर्षं दोर ओढत नाही.
२. तो सबंध सकाळ खडकावर उभा असतो.
३. तिथे असताना तो कुणाचंही ऐकत नाही.
४. उशीर झाल्यास तो वडीलधाऱ्यांनाही शिव्या देतो.
५. त्याच्या सांगण्यावरून होडी अनेकदा रिकामी परत आणावी लागली आहे.

पान इथे संपलं. मागच्या बाजूला मी सहावा मुद्दा लिहिला: वरील कारणांमुळेच आमच्या रापणीला मासळी मिळते, आणि याच्या तोडीची नजर या किनाऱ्यावर आम्हांला माहीत नाही. सातवा: त्याला सोडायला आमचं मन होत नाही, पण त्याला ही जागा मिळावी अशी आमची इच्छा आहे.

मी सगळं मराठीत वाचून दाखवलं. तो खाली बघून वाळूत बोट फिरवत होता. मग आबा म्हणाले, “बरा झाला. असाच असता.”

सहीचा प्रश्न राहिलाच होता. ठरलं असं, की मालक सगळे, तर सही सगळ्यांची. सही करता येणारे सात जण होते. पण सात सह्या आणि बाकीचे अंगठे म्हटलं तर सात जण मोठे होतात, म्हणून त्यांनीही अंगठेच दिले. गैरहजर पाच जणांचे अंगठे पुढच्या दोन दिवसांत घेतले, रुसलेल्याचाही. चाळीस झाले.

“एकेचाळीस,” काकी म्हणाली. “तेचो खंय?”

“तो उमेदवार आहे,” मी म्हटलं. “आपलं सर्टिफिकेट कुणी आपण देत नाही.”

“म्हणजे तेका रापणीतून काडलो?”

मी समजावलं. तीनदा समजावलं. माझ्या दृष्टीने हे स्पष्ट होतं. त्यांच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं तितकंच स्पष्ट होतं. सगळ्या वाटेकऱ्यांच्या कागदावर ज्याचा अंगठा नाही, तो वाटेकरी नाही. आणि नोकरी मिळाली नाही तर? मग हा कागद उद्या कुणीतरी काढून दाखवील. तो स्वतः म्हणाला, “बाई, घेवा. माका भायर ठेवू नकात.” मी घेतला. एकेचाळिसावा अंगठा.

ही चूक माझी होती. इतरांनी आग्रह धरला, पण कागद माझ्या हातात होता.

पाकीट मंगळवारी टपालात पडलं. जावक नोंद आहे.

जूनमध्ये उत्तर आलं. इंग्रजीत, माझ्या पत्त्यावर, एकेचाळीस जणांना उद्देशून. संबंधित इसमाविरुद्धची तुमची तक्रार पोहोचली आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत जागा रिकामी ठेवण्यात येत आहे.

मी ते दोनदा वाचलं. मग त्याला बोलावून घेतलं. तो शाळेच्या पायरीवर बसला.

“काय म्हणतत?”

“तुझ्याविरुद्ध तक्रार आहे म्हणतात.”

“कोणी केल्यान?”

“आपण सगळ्यांनी.”

त्याने स्वतःच्या छातीला बोट लावलं. “मीयव?”

“तूही. एकेचाळिसावा.”

तो हसेल असं मला वाटलं होतं. हसला नाही. म्हणाला, “मग आता?”

मी म्हटलं, मी जाऊन येते.

शाळेला गणपतीची सुटी लागल्यावर मी कसालला गाडी बदलून रत्नागिरीला गेले. कार्यालयात तीन टेबलं फिरले. तिसऱ्या टेबलावर आमचा कागद होता, एका जाड फायलीत, वर लाल पेन्सिलीने ‘तक्रार’ लिहिलेलं. टेबलावरचे कारकून शांत माणूस होते, चिडत नव्हते. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

“ही तक्रार नाही,” मी म्हटलं. “सर्टिफिकेट आहे.”

“बाई, मुद्दे घातलेत.”

“मी नेहमीच घालते.”

“खाली अंगठे आहेत. ओळीने.”

“मालक एकेचाळीस आहेत.”

“आणि काय लिहिलंय बघा. दोर ओढत नाही. ऐकत नाही. शिव्या देतो. तुम्हीच सांगा, एकेचाळीस माणसं कधी कुणाची स्तुती करायला एकत्र येतात का? मी बावीस वर्षं नोकरी केली, मी पाहिलं नाही.”

“पान उलटा,” मी म्हटलं.

त्यांनी उलटलं. सहावा आणि सातवा मुद्दा वाचला. पुन्हा पहिलं पान वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं, हे मला नाकारता येत नाही. “हे तर फार चांगलं आहे हो,” ते म्हणाले. “पण नोंद झाली आहे. आता ती तक्रार आहे.”

उपाय त्यांनीच सांगितला. प्रत्येक तक्रारदाराने आपली तक्रार स्वतंत्र कागदावर मागे घ्यायची. एकेचाळीस कागद. सगळे आले की फाइल बंद, मग जागेचा विचार. तोवर जागा दुसऱ्या कुणाला देणार नाही, एवढं त्यांनी सांगितलं, जणू माझ्यावर उपकारच करत होते.

“उमेदवाराचाही कागद?” मी विचारलं.

त्यांनी यादी पाहिली. “त्याचा अंगठा आहे ना? मग त्याचाही.”

मी गावी परत आले आणि वहीत एकेचाळीस ओळी आखल्या. तीन रकाने: गाठ, होकार, अंगठा. मला वाटलं होतं, महिनाभरात होईल.

पहिल्या आठवड्यात एकही झाला नाही. कारण एकच, प्रत्येक घरी तेच. “आमी तक्रार केलीच नाय. केली नाय ती मागे कशी घेवची?” मी म्हणायची, फक्त कागद आहे. ते म्हणायचे, तो पण कागदच होता ना, बाई. काकीने दारातूनच सांगितलं, “माज्या घोवाच्या वाट्यार मी लटको अंगठो देवचंय नाय.” एकाने तर मला विचारलं, बाई, तुम्ही शाळेत पोरांनाही असंच लिहायला शिकवता काय?

मला याचा राग आला. आजही येतो. ज्याच्यासाठी हे सगळं, तो रोज सकाळी खडकावर जात होता. काम कुणाचंच अडत नव्हतं, अडलं होतं ते माझंच. पाऊस संपला, रापण सुरू झाली, तारली आली. लोक दोर ओढत होते आणि मी त्यांच्यामागून वाळूत चपला हातात घेऊन फिरत होते.

शेवटी मार्ग काढला तो काकीनेच. एका सकाळी शाळेत आली आणि म्हणाली, “असा लिवा: आमची तक्रार नव्हती, नाय, आणि तुमका दिसली असली तर ती मागे घेतली. असा लिवलास तर लटका होवचा नाय.” मी ते इंग्रजीत बसवलं. रत्नागिरीला नमुना पाठवला. कारकुनांचं कार्ड आलं: चालेल. मग अंगठे येऊ लागले. आबांचा पहिला. मुंबईला मुलाकडे गेलेल्या एकाचा टपालाने आला. रुसणारा या वेळीही रुसला, त्याला तीन महिने लागले. आबा पुढच्या वर्षी वारले. त्यांचा कागद आधीच झाला होता. १९६३च्या उन्हाळ्यात चाळीस पूर्ण झाले. रकाने भरले.

एकेचाळिसावा मी शेवटी ठेवला होता, कारण तो सर्वांत सोपा असं मी गृहीत धरलं होतं.

मी त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोने पाटावर बसवलं, कोकमाचं सरबत दिलं. मी मजकूर वाचून दाखवला. शाईची पेटी उघडून पुढे ठेवली. त्याने अंगठा पुढे केला नाही.

“बाई, सगळ्यांनी दिले?”

“सगळ्यांनी. चाळीस.”

“तेंची तक्रार नव्हतीच. ता खरा आसा.” त्याने पेटी माझ्याकडे सरकवली. “माजी आसा.”

“काय आहे?”

“माज्यार माजी तक्रार आसा. नव्हती असा कसा सांगू? आठ वर्सां दोर ओढलंय नाय. रोज उभो रवतंय आणि वाटो घरात हाडतंय. तुमी लिवलेला पयला वाक्य, ता दुसऱ्या कोणी सांगितला नसता तरी मीच सांगितला असता.”

“अरे, नोकरी लागली की हे संपेल. म्हणून तर कागद.”

“नोकरी लागली की मी मागे घेतंय. त्याच दिसा. स्वतः येवन अंगठो देतंय.”

“पण हा कागद गेल्याशिवाय नोकरी लागत नाही.”

“ता मग तुमी तेंका लिवा.”

मी काय लिहिणार? मी त्याला दटावलं. मुलांना दटावते तसं. म्हटलं, तुझ्या एका अंगठ्यासाठी चाळीस माणसं दोन वर्षं थांबली, मी रत्नागिरीपर्यंत गेले, कागदावर ‘नव्हती’ लिहिलंय, तू तेवढं मनातल्या मनात वेगळं म्हण. त्याची बायको आतून म्हणाली, “द्या हो. बाई किती फेऱ्या मारतत.” तो म्हणाला, “चाळीस जणांनी खरा ता लिवल्यानी. मी एकट्यान लटका लिवू? मग हेच्यात मी खंयचो वाटेकरी?”

मी शाईची पेटी बंद केली.

त्यानंतर पाच वेळा गेले आहे. तारखा वहीत आहेत. कधी तो समजूतदारपणे नाही म्हणाला, कधी घरीच नव्हता. एकदा मीच इतकी चिडले होते की बोलण्याआधीच परत आले. त्याला नोकरी नको आहे असं नाही. पाहणीची बोट दर वर्षी आमच्या समोरून जाते. तो खडकावरून तिच्याकडे बघतो, हे मी खिडकीतून बघते. गेल्या वर्षी ती बोट दोन दिवस मासळीच्या घोळक्याच्या उलट्या बाजूला फिरत राहिली, आणि तो फडकं हलवून हलवून थकला. बोटीवरच्यांना ते फडकं काय सांगतं हे कळत नव्हतं.

मी कार्यालयाला दोनदा लिहिलं: एकाचा कागद येणं शक्य नाही, चाळिसांवर भागवा. एकदा उत्तर आलं नाही. एकदा आलं: यादीत एकेचाळीस आहेत. जागा अजून रिकामी आहे, असंही त्यात होतं.

आज सन १९६६. चाळीस कागद माझ्या टेबलाच्या खणात, अंगठ्यांच्या क्रमाने, दोऱ्याने बांधून ठेवले आहेत. एकेचाळिसावा मजकूर लिहून तयार आहे. तारखेची जागा मोकळी. या आठवड्यात त्याच्याकडे जायचं आहे. जाण्याआधी त्या कागदावर ‘नव्हती’च्या जागी दुसरं काय लिहावं, हे ठरवायचं आहे. त्याला खरं वाटेल आणि कार्यालयाला चालेल, असं काही. ते अजून सुचलेलं नाही.